हाडाच्या मुठीचे जुने चाकू : रंगावरून वय ठरवू नका

मूठ पिवळी-तपकिरी दिसली की चाकू जुना, हा समज आधी डोक्यातून काढा. हाडाला तो रंग एका रात्रीत देता येतो. कडक चहाचं पाणी, कॉफी, पोटॅशियम परमँगनेट, काहीही चालतं. मी या रंगाला फसले आहे. पैसे गेले त्याचं फार वाटलं नाही, पण खरं बघायचं ते सगळं हातात असताना मी नुसता रंग न्याहाळत बसले, हे अजून सलतं. म्हणून या एका गोष्टीवर मी जरा जास्तच बोलणार आहे.

इथे दोन प्रश्न असतात आणि नवी माणसं ते एकमेकांत मिसळतात. मूठ कशाची आहे, हा एक आणि चाकू कधीचा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हाड स्वतः देतं. दुसऱ्याबद्दल ते फारसं काही सांगू शकत नाही. ते घडीच्या चाकूत पात्यावरच्या शिक्क्यात, खिळ्यांत, आतल्या पितळी पत्र्यात आणि मुठीच्या टोकाच्या धातूत, म्हणजे बोल्स्टरमध्ये, शोधावं लागतं.

पहिला भाग अवघड नाही, घाबरू नका. सराफ वापरतात तसलं दहापटीचं भिंग घ्या. मुठींसाठी बहुतेक गाई-बैलांच्या नडगीचं हाड घेत, कारण तिथे भिंत जाड आणि सरळ मिळते. या हाडात रक्तवाहिन्यांचे सूक्ष्म मार्ग लांबीच्या दिशेने गेलेले असतात, त्यांना हॅवर्शियन नलिका म्हणतात. पट्टीच्या सपाट बाजूवर त्या बारीक, तुटक, गडद रेघांसारख्या दिसतात आणि टोकाला, जिथे हाड आडवं कापलेलं असतं तिथे, ठिपक्यांसारख्या. वाचून हे डोळ्यांत बसत नाही. घरी मटण झालं की एक नळी बाजूला ठेवा, उकळून स्वच्छ करा, करवतीने उभी आणि आडवी कापा, पॉलिश पेपरने घासा आणि भिंगाखाली धरा. घरात मटण होत नसेल तर ओळखीतून मागून आणा, लाजू नका. बोकडाचं हाड लहान असतं, पण हाडाचा पोत म्हणजे काय ते कळतं. त्या नळीचा अर्धा तुकडा चहात भिजवून वाळवा आणि पुन्हा बघा. रंग नलिकांमध्ये शिरून रेघा किती 'जुन्या' दिसायला लागतात ते एकदा स्वतः पाहिलंत की मी आरडाओरडा का करते आहे ते समजेल.

हस्तिदंतात या नलिका नसतात. त्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी असते, त्या श्रेगर रेषा. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या नकली हस्तिदंतातही रेघा असतात, पण अगदी समांतर आणि एकसारख्या. सांबरशिंगाला बाहेरून खडबडीत साल असते आणि आतला गाभा सच्छिद्र असतो. म्हशीचं शिंग थराथरांचं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि कीड ते खाते. ही दोन्ही शिंगं हिंदुस्थानातून शेफील्डला, म्हणजे इंग्लंडमधल्या चाकू बनवणाऱ्या शहराला, जात, त्यामुळे इंग्लंडचा शिक्का आणि आपल्याकडचं शिंग एकाच चाकूवर दिसलं तर गोंधळू नका. पुण्यात कॅम्प-खडकीकडच्या जुन्या घरांतून निघणाऱ्या लष्करी चाकूंच्या काळ्या चौकडीच्या मुठींना पुष्कळजण हाड म्हणतात. त्या शिंगाच्या असतात किंवा नंतरच्या कृत्रिम पदार्थाच्या.

अमेरिकन चाकूंवर खाचा पाडलेलं, 'जिग्ड' म्हणतात ते हाड दिसतं. सांबरशिंगाचा भास व्हावा म्हणून त्या खाचा. १९६० च्या दशकापासून तिथे डेलरिन नावाचं प्लास्टिक हाडाच्या जागी येत गेलं, आणि ते फोटोत हुबेहूब हाड दिसतं. 'केस' या अमेरिकन कंपनीच्या चाकूंवर मॉडेल क्रमांकाचा पहिला आकडा ६ असेल तर मूठ हाडाची, असं सांगितलं जातं. तोच ६ त्यांनी डेलरिनच्या मुठींनाही वापरला, म्हणून आकड्यावर थांबू नका. भिंग लावा, नलिका शोधा. एकही नलिका सापडत नसेल तर ते हाड नाही.

तापलेली सुई टोचून बघा, असा सल्ला देणारे भेटतीलच. कृपा करून ऐकू नका. सेल्युलॉइड असेल तर भडकन पेटतं आणि हाड असेल तर त्याला कायमचं भोक पडतं. जे भिंगाने फुकट कळतं त्यासाठी वस्तूचा जीव घेणारा सल्ला देणाऱ्याला मी तरी जाणकार मानत नाही.

एक गोष्ट मात्र पैसे देण्याआधीच बघा. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे आणि सांबरशिंग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. 'हाडच आहे हो' हे विक्रेत्याचं वाक्य तिथे कामी येणार नाही.

आता खरा खड्डा. समजा, भिंगाखाली हाड नक्की झालं, पात्यावर जुना शिक्काही आहे. तरी मूठ त्या चाकूची असेलच असं नाही. जुन्या पात्यावर नवं हाड बसवून, चहात बुडवून विकलेले चाकू भरपूर आहेत. हे पकडायला चाकू हातात घेऊन हाड आणि धातूच्या सांध्यावरून अंगठा फिरवा. कारखान्यात हाड आणि बोल्स्टर एकत्रच घासून काढत, आणि पुढे खिशात झिजलेही ते एकत्रच. त्यामुळे झीज सांध्यावरून सलग जायला हवी. बोल्स्टर गुळगुळीत, ओरखडलेला आणि त्याला लागून हाडाची कड धारदार असेल तर त्या दोघांची ओळख अलीकडची आहे. उलट, हाड आणि बोल्स्टरमध्ये केसाएवढी फट असेल तर नाक मुरडू नका, जुनं हाड आकसतं. खिळ्यापासून कडेपर्यंत गेलेली बारीक चीर हेसुद्धा बऱ्याचदा चांगलंच लक्षण. लोखंडी खिळा असेल तर त्याच्याभोवती हाडात गंजाचा डाग उतरलेला असतो, आणि खिळा जुना दिसत असून भोवतालचं हाड स्वच्छ असेल तर विचार करा.

मग पाती उघडून आतल्या पितळी पत्र्यावर टॉर्च मारा. पत्र्यात एखादं रिकामं भोक दिसलं, ज्याच्या समोर आज खिळाच नाही, तर पहिल्या मुठीचा खिळा तिथे होता. हाड आणि पत्रा यांच्यामध्ये चकचकीत पिवळसर गोंद दिसला तर तो बहुधा अ‍ॅरल्डाइटसारखा इपॉक्सी. अ‍ॅरल्डाइट बाजारात आलं १९४६ मध्ये. व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या मुठीत ते कसं असेल? रंगही शेवटी तपासा, पण वेगळ्या नजरेने. खरा जुना रंग असमान असतो. तळहात घासतो तिथे फिका आणि गुळगुळीत, खाचांच्या तळाशी गडद, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजलेली. सगळीकडे सारखाच तपकिरी असेल तर सावध व्हा.

एवढं वाचून धीर खचला असेल तर सांगते, मूठ बदललेला चाकू टाकाऊ नसतो. कुणाला तरी तो इतका कामाचा वाटला म्हणून दुरुस्त झाला. फक्त तो मूळचा म्हणून विकत घेऊ नका आणि मूळचा म्हणून विकूही नका.

साल ठरवायला शिक्का वाचा, तो पात्याच्या बिजागरीजवळच्या जाड भागावर असतो. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीच्या चाकूंवर तारा आणि माल्टीज क्रूस असतो, आणि बऱ्याच चाकूंवर मुकुटाच्या दोन बाजूंना राजाची अक्षरं. व्ही आर असेल तर १८३७ ते १९०१, ई आर १९०१ ते १९१०, जी आर त्यानंतर. पण जी आर राणीच्या आधीच्या चौथ्या जॉर्जच्या काळातही होतं, तेव्हा बाकीची लक्षणं जुळवा. शिवाय नावाजलेल्या शिक्क्यांच्या नकला त्या काळीही निघत, म्हणून अक्षरं वेडीवाकडी किंवा उथळ असतील तर नुसत्या शिक्क्यावर भिस्त ठेवू नका. पात्यावर 'स्टेनलेस' असेल तर ते पातं १९१३ च्या आधीचं नाही, कारण हॅरी ब्रिअरलीने शेफील्डमध्ये ते पोलाद त्या वर्षी केलं.

'इंग्लंड' हा शब्द असेल तर १८९० नंतरचा आणि नसेल तर आधीचा, हा नियम सगळीकडे ऐकायला मिळतो. त्यातला पहिला अर्धा साधारण बरोबर आहे. दुसरा अर्धा आपल्याकडे लागू करू नका. तो नियम अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यातून आला, म्हणजे अमेरिकेत जाणाऱ्या मालासाठी. पुण्यात सापडलेला चाकू हिंदुस्थानच्या बाजारासाठी आलेला असू शकतो. त्यावर देशाचं नाव नाही एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. परदेशी संग्राहकांची कोष्टकं जशीच्या तशी उचलणाऱ्यांची इथेच फसगत होते.

'केस'च्या शिक्क्यांची कोष्टकं मात्र भरवशाची आहेत. 'टेस्टेड डबल एक्स' साधारण १९२० ते १९४०, नुसतं 'डबल एक्स' १९४० ते १९६४, त्याखाली यूएसए १९६५ ते १९६९, आणि १९७० पासून शिक्क्याखाली ठिपके. तरी हे साल पात्याचं, मुठीचं नव्हे. मुठीसाठी पुन्हा अंगठा, टॉर्च आणि भिंग.

शिकायचं कुणाकडून? विक्रेत्याला गुरू करू नका, तो कितीही गोड बोलला तरी. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जा, पण सुरुवातीला हाताळायला जा, विकत घ्यायला नको. धार लावणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या कारागिराशी ओळख काढा. स्प्रिंग मूळची की बदललेली, पातं किती वेळा घासलंय, हे त्याला बोटांनी कळतं. केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांसमोर उभं राहून फक्त खिळे आणि बिजागऱ्या बघा, हाताने वापरलेला धातू कुठे झिजतो याची नजर तिथे तयार होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून 'किती जुना असेल?' विचारण्याला मी अभ्यास मानत नाही. फोटोत दिसतो तो रंग, आणि रंगाबद्दल वर पुरेसं बोलून झालं आहे.

घरी आणल्यावर पाण्यात घालू नका. पुण्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत हाडाला चिरा जातात आणि जुलैत लोखंडाला गंज चढतो, म्हणून मऊ फडक्याने पुसा, पात्याला हलकं खनिज तेल लावा आणि पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू असेल तर त्याला वेगळा डबा द्या. ते कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या चाकूंची पाती गंजतात. प्रत्येक चाकूबरोबर एक चिठ्ठी ठेवा, तीत एकच साल न लिहिता पट्टा लिहा : 'पातं १९१३ नंतरचं, मूठ बदललेली, इपॉक्सी दिसतो'. आणि शंभर वर्षांहून जुना ठरला तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला पोस्टाने पाठवायचं मनातही आणू नका, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी व्यक्तीला तशी निर्यात करता येत नाही.