बाकूच्या लेकीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना

माझी सून अझरबैजानची, बाकूची. मी ठाण्याच्या नौपाड्यातली. तिला तिच्या भाषेत शुभेच्छा द्यायला मी शिकले. कुणाची लेक-सून तिकडची असेल, तर हे उपयोगी पडेल.

सुरुवात हाकेने करा: 'जानिम गिझिम'. जान आपलीच, गिझिम म्हणजे माझी लेक. तिकडे वडीलधारी माणसं कुठल्याही तरुण मुलीला अशी हाक मारतात, त्यामुळे सासूने मारली तरी वावगं वाटत नाही.

मग 'आद ग्यूनून म्यूबारॅक'. आद म्हणजे नाव, ग्यून म्हणजे दिवस. वाढदिवसाला ते नावाचा दिवस म्हणतात. 'म्यू' म्हणताना ओठांचा चंबू करायचा. सुनेने आरशासमोर उभं करून माझ्याकडून घोटून घेतलं.

एवढ्यावर थांबू नका, आशीर्वाद हवाच. 'खोशबॅख्त ओल' म्हणजे सुखी राहा. 'यूझ याशा' म्हणजे शंभर वर्षं जग, आपलं शतायुषी हो. पण माझा जीव जडलाय तो 'गादान आलिम'वर: तुझी पीडा मी घेते. माझी आजी गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं कडाकडा मोडायची, ती हेच तर म्हणायची! हे लिहून पाठवू नका, स्वतःच्या आवाजात म्हणा. मी सुनेला म्हटलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, नुसती माझा हात धरून बसली.

फुलं देणार असाल तर मोजून द्या. ती ठाण्यात असताना मी जांभळी नाक्यावरून डझनभर गुलाब आणले. तिने हसून घेतले, मग हळूच एक काढून देवापुढे ठेवला. तिकडे सम संख्येची फुलं मयताला नेतात. आपणही अकरा-एकवीसच मोजतो की! तेव्हापासून मी अकराच घेते.

लिहून पाठवायचं तर फोनच्या कीबोर्डमध्ये अझरबैजानी भाषा जोडून घ्या, कारण त्यांच्या रोमन लिपीत एक उलटा 'ई' आहे. त्याचा उच्चार ॲ.

आणि वेळ सांभाळा. बाकू आपल्यापेक्षा दीड तास मागे. आपले बारा वाजले की तिकडे साडेदहाच झालेले असतात, म्हणून आदल्या रात्री मी दीडचा गजर लावून झोपते.