ट्रिम शिकायचाय? स्टिकला बोलू द्या

सिम्युलेटरवर ओझरहून सेसना १७२ हे छोटं विमान उडवणाऱ्या नाशिककरांनो, फोर्स फीडबॅक जॉयस्टिकचा खरा उपयोग ट्रिम, म्हणजे स्टिक सतत दाबून न धरता विमान त्याच स्थितीत ठेवणारं नियंत्रण, शिकण्यात आहे. साध्या जॉयस्टिकची स्प्रिंग कायम मध्याकडेच ओढते. फोर्स फीडबॅकच्या स्टिकमध्ये मोटरी असतात, त्यामुळे ट्रिम बदलला की स्टिकचा मध्यच सरकतो, वेग वाढला की ती जड होते. केबलने चालणाऱ्या खऱ्या सेसनात असंच जाणवतं.

म्हणून आधी स्टिकने नाक हवं तिथे धरा, वेग स्थिरावू द्या आणि मग हातावरचा दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिम फिरवा. ट्रिमनेच नाक उचलायचा मोह होतो, तो टाळाच! गंगापूर धरणावरून त्र्यंबककडे सरळ, एका उंचीवर जाणं हा त्यासाठी छान सराव.

डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा स्टिक हलवूनही परिणाम न होणारा भाग, शून्य ठेवा. डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये ट्रिमनंतर स्टिक भलत्याच दिशेला गेली, तर एफएफ ट्यून या फोर्स फीडबॅकच्या सेटिंगमध्ये अक्षांची अदलाबदल करून पाहा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० साठी मात्र वेगळं सॉफ्टवेअर लागतं, हे खरेदीआधीच लक्षात घ्या. आणि मोटरी जोरदार असतील तर स्टिक टेबलाला क्लॅम्पने घट्ट बसवा.