नाइटिंगेलबाईंचे धडे गिरवताना या चुका टाळा

दर १२ मेला, नर्स दिनाला, नर्सिंगच्या मुली हातात दिवे घेऊन शपथ घेतात आणि पाठोपाठ कोणीतरी भाषण ठोकतं: फ्लॉरेन्स नाइटिंगेल आल्या, सेवा केली, सैनिक वाचले. वॉर्डात उभा जन्म गेला माझा, भाषण पाठ आहे. पण घडलं तसं नाही.

१८५४ च्या नोव्हेंबरात क्रिमियन युद्धात बाई ३८ नर्सना घेऊन तुर्कस्तानात स्कुतारीच्या ब्रिटिश लष्करी हॉस्पिटलात पोचल्या. त्या हिवाळ्यात मृत्यू घटले नाहीत, वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रुग्णांमागे चाळीसच्या वर दगावले. इमारतीखाली गटारं तुंबली होती. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन, म्हणजे स्वच्छता बघणारं सरकारी पथक आलं, गटारं उपसली, चुना मारला, हवा खेळती केली आणि आकडा झपाट्यानं उतरला. सेवाभाव आधीही होताच की!

आमच्या सर्जिकल वॉर्डात एकदा टाके पिकायला लागले. लगेच सिस्टरांना मेमो, हात धुण्यावर लेक्चर, बेसिनवर चकचकीत पोस्टर. मी आठवडाभर वहीत फक्त नळाच्या वेळा टिपल्या. दुपारी दोन ते पाच नळ कोरडा आणि ड्रेसिंगची फेरी तीनला. वॉर्डबॉय मामा बिचारे बादली भरून ठेवायचे, त्याच बादलीत एकच मग आणि सगळ्यांचे हात. फेरी सकाळी दहाला घेतली, पाण्यासाठी अर्जावर अर्ज केले. टाके पिकायचे कमी झाले. पोस्टर अजून तिथंच असेल. म्हणून सांगते, माणसाला झापण्याआधी नळ सोडून बघा.

आकडे गोळा करून फाइलमध्ये पुरणं ही दुसरी चूक. बाईंनी त्यांची रंगीत चित्रं काढली, कारण साहेब लोक तक्ते वाचत नाहीत. आजही नाहीत.

बाईंच्या चित्रात तो अल्लादिनचा दिवा छापणं थांबवा. त्यांच्या हातात घडीचा तुर्की कंदील होता.

आणि ओव्हर, म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं. ‘मी तिथं नसताना माझं काम कसं होईल’ यावर बाईंनी अख्खं प्रकरण लिहिलंय. हल्लीच्या मुली बसची वेळ झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर ओव्हर टाकून पळतात. माझ्याकडे ओव्हर बेडपाशीच व्हायचा, प्रत्येक पेशंटचा. ड्रेनची, म्हणजे जखमेतला स्राव जमा होणारी बाटली स्वतः उचलून बघितल्याशिवाय मी वहीत सही करत नसे, मग घरी जाणारीची बस चुकली तरी चालेल.