बहीण, स्वमग्न भाऊ आणि गाडी: फिल्म करताना या चुका टाळा

नाशिकमध्ये नव्या मुलांच्या लघुपटांचं संकलन मी करतो. बहीण, स्वमग्न (ऑटिझम असलेला) भाऊ आणि गाडीतला प्रवास ही गोष्ट घेऊन वर्षाआड कुणीतरी येतंच. विषय जिव्हाळ्याचा, मुलं कष्टाळू, तरी फिल्म बघून मन खट्टू होतं. विचारलं की म्हणतात, बजेट नव्हतं. मला ते पटत नाही.

भाऊ म्हणजे लक्षणांची यादी

गेल्या उन्हाळ्यात एका टीमने दिंडोरी-वणी-सापुतारा असा प्रवास शूट केला. भावाचं काम करणाऱ्या पोराने मोबाइलवर व्हिडिओ बघून तयारी केलेली: हात फडफडवायचे, नजर चुकवायची, मधूनमधून किंचाळायचं. पहिला कट आम्ही दहा-बारा जणांना दाखवला. त्यात एक ताई होत्या, त्यांचा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. त्या म्हणाल्या, "माझा भाऊपण ओरडतो हो. पण त्याआधी अर्धा तास तो सांगत असतो. सीटबेल्टची कड अंगठ्याने घासतो, 'घरी कधी, घरी कधी' करत राहतो. नेहमीचा रस्ता सोडला की हे सुरू होतं. तुमचा मुलगा कशाने ओरडतो?"

दिग्दर्शक गप्प. मी रात्री सगळं फुटेज पुन्हा चाळलं, त्यातही कारण सापडलं नाही.

तेव्हापासून संहिता हातात आली की प्रत्येक किंकाळीशेजारी पेन्सिलीने कारण लिहायला लावतो. ट्रकचा हॉर्न, ठरलेलं हॉटेल बंद, शर्टाचं टोचणारं लेबल. कारण नसेल तर प्रसंग काढायचा. आणि शूटिंगआधी अशा एखाद्या घरात, त्यांची परवानगी घेऊन, चार-पाच संध्याकाळी बसायचं. "सर, एका भेटीत भागेल ना?" असं विचारणाऱ्यांचं काम मी घेत नाही.

आकड्यांचा जादूगार

स्वमग्न माणूस म्हणजे आकड्यांचा जादूगार, हे खूळ १९८८ च्या 'रेन मॅन' या हॉलिवूडच्या सिनेमापासून डोक्यात बसलंय. त्यातलं स्वमग्न भावाचं पात्र ज्यांच्यावरून सुचलं ते अचाट स्मरणशक्तीचे किम पीक मुळात स्वमग्न नव्हतेच. मेंदूचे दोन भाग जोडणारा मुख्य पट्टा त्यांना जन्मतःच नव्हता. बहुतेक स्वमग्न माणसांत अशी अचाट स्मरणशक्ती नसते. भावाला कॅलेंडर पाठ करायला लावू नका.

गाडीतला आवाज

मे महिन्यात एसी लावून घेतलेले संवाद घेऊन मुलं माझ्याकडे येतात आणि "तुम्ही साफ कराल ना?" म्हणतात. घरघर काढताना माणसाचा आवाजही पत्र्यासारखा होतो. एसी बंद, काचा वर, माइक कपड्यांत लपवलेला. गाडीची भट्टी होते, म्हणून टेक छोटे घ्यायचे आणि मधे सगळ्यांना पाणी द्यायचं. टेक झाला की तीस सेकंद कुणी बोलायचं नाही, नुसता गाडीचा आवाज घ्यायचा. मग इंजिन बंद करून त्याच सीटवर बसून संवाद पुन्हा बोलून घ्यायचे. ज्याला हॉर्न कानात सुईसारखा टोचतो त्याची ही गोष्ट. तिथे आवाजात कंजुषी कशी चालेल?

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. द्राक्षबागांवर ड्रोनचे दोन शॉट पुरे. बहिणीला संत करू नका. तिला चिडू द्या, थकू द्या. शेवटच्या मिठीने भाऊ 'बरा' होत नाही.

त्या टीमने नंतर एक दुपार काढली. उभ्या गाडीत फक्त अंगठा आणि सीटबेल्टची कड, वीस सेकंद. खर्च काहीच नाही. अकरा किंकाळ्यांपैकी दोनच ठेवल्या.