पहिला महिना मुलांना काही विचारू नका

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी झाल्यावर मी गोव्यात बार्देशातल्या एका बालगृहात रुजू झाले. गृह ख्रिस्ती सिस्टर चालवतात, मी डिचोलीच्या हिंदू घरातली. संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सुरू झाली की आपण कुठे बसायचं, याचंच मला टेन्शन. ते चार दिवसांत गेलं. मुलं कोकणी, कन्नड, हिंदी, मराठी बोलणारी. ज्याला बसायचं तो बसे.

खरी शिकवणी उंड्यांनी, म्हणजे गोव्यातल्या गोल पावांनी झाली. सात वर्षांचा एक मुलगा रोज उशीखाली उंडो लपवायचा. मुंग्या झाल्या तशी मी तो काढून टाकला. मुलगा रात्रभर जागा राहिला. सिस्टरनी त्याला झाकणाचा डबा दिला. सकाळी पोदेर (पाववाला) आला की शिळा उंडो काढून ताजा ठेवायचा. उपाशी राहिलेल्या मुलाला "इथे भरपूर आहे" सांगून पटत नाही. डबा रिकामा राहायला तीन महिने लागले.

दुसरी चूक जास्त वाईट. एका मुलीला मी हातावरच्या डागाबद्दल विचारलं. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. विचारणं समुपदेशकाचं काम. मूल आपणहून बोललं तर मात्र ऐका, मध्ये प्रश्न घालू नका, त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

कागदपत्रांना कंटाळू नका. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. कुठे ठेवायचं ते समिती ठरवते, आपण नाही. मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका, ओळख उघड करणं गुन्हा आहे. आणि रुजू होताना पोलीस पडताळणी मागितली तर अपमान मानू नका. मडगावात मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीटला 1991 मध्ये अटक झाली, 1996 मध्ये मुलांवरच्या अत्याचारांसाठी जन्मठेप. तोही लोकांना परोपकारी वाटत होता. 2003 चा गोवा बाल कायदा आला त्यामागे ही जखम आहे.

पहिल्या वर्षी तरी चवथीची (गणेश चतुर्थीची) पूर्ण रजा घेऊ नका. काहींचे नातेवाईक समितीची परवानगी घेऊन त्यांना घरी नेतात. उरलेली मुलं गेटकडे बघत बसतात. मी दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या हातच्या नेवऱ्या (करंज्या) घेऊन जाते. एखाद्या मुलाला तीन वाजता येते म्हटलं असेल तर तीनलाच. बस चुकली तर फोन करून त्या मुलालाच बोलवायला सांगते, निरोप ठेवत नाही.