हंपीत मुलांना घेऊन विठ्ठल मंदिरापर्यंत चालत जाताय? परतीची पायपीट अशी टाळा

विरूपाक्ष मंदिर ते विठ्ठल मंदिर ही तुंगभद्रेकाठची वाट जेमतेम दोन किलोमीटरची. जाताना मुलं उड्या मारत जातात. रडारड होते ती परतताना, तापलेल्या कातळावर. म्हणून फक्त जातानाच चाला.

१. रिक्षा किंवा गाडी आधीच विठ्ठल मंदिराच्या पार्किंगला पाठवा.

२. सकाळी सातच्या आत निघा. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारपेठेच्या पूर्व टोकाला मोठा दगडी नंदी आहे, तिथून नदीकाठाने कोदंडराम मंदिर आणि पुढे राजाच्या तुलादानाची दोन दगडी खांबांची कमान लागते. मातंग टेकडी याच वाटेवर खुणावते, पण लहान मुलं असतील तर ती वेगळ्या दिवशी करा.

३. मंदिर पाहून झालं की बॅटरीच्या गाडीने पार्किंगपर्यंत या.

विठ्ठल मंदिराचं तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी कमलमहालालाही (लोटस महाल) तेच चालतं. माणशी एक लिटर पाणी घ्या. खाऊ पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवा. हातातली प्लॅस्टिकची पिशवी माकडं हमखास ओढतात.

नदीत मात्र मुलांना उतरवू नका. वरून शांत दिसली तरी खडक गुळगुळीत आहेत, भोवरे आहेत, आणि धरणातून पाणी सोडलं की पातळी झपाट्याने वाढते.