घाटातल्या पावसासाठी एलएसडी निवडताना

इंजिनाची ताकद वाढवलेली फ्रंट-व्हील गाडी (जिच्या पुढच्या चाकांना जोर मिळतो) आंबोलीच्या वळणात, भर पावसात दुसऱ्या गिअरला दाबा. आतलं चाक नुसतं फिरत राहतं. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा संच. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतो. आतल्या चाकाची पकड गेली की बाहेरच्याच्या वाट्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर येतो. त्यावर उपाय लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी. तो एका चाकाला नुसतं फिरू देत नाही, पकड असलेल्या चाकाला जास्त जोर देतो.

टायर आणि अलाइनमेंट आधी नीट करून घ्या. गिअरबॉक्सचा कोड बघून त्याला कोणते डिफ (डिफरन्शियल) बसतात ते शोधा.

आता प्रकार. इथेच माणूस फसतो. ‘प्लेटवालाच घे’, म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटांनी दोन्ही चाकं आवळून एकत्र फिरवणारा, असं चार जणांनी सांगितलं म्हणून मी भरपूर प्रीलोडचा टू-वे डिफ बसवला. उन्हाळाभर खूश होतो. पाऊस लागल्यावर आंबा घाट उतरताना वळणाआधी ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडीचं नाक वळेचना. स्टिअरिंग वळलेलं, गाडी सरळ कठड्याकडे. टू-वे हा ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तितकाच आवळतो. १.५-वे तेव्हा कमी आवळतो, वन-वे फक्त जोर देताना. आणि प्रीलोड म्हणजे जोर नसतानाही प्लेटांवर असलेला दाब. तो जास्त असेल तर ओल्या रस्त्यावर गाडी वळायला मागत नाही आणि बाजारपेठेतल्या गल्लीत कडकड आवाज करते.

म्हणून कोकणात बारा महिने चालणाऱ्या फ्रंट-व्हील गाडीला हेलिकलच घ्या, म्हणजे तिरक्या दात्यांच्या गिअरवर चालणारा एलएसडी. त्यात प्लेटा नाहीत, झिजेची चिंता फारशी नाही, आणि तो हळुवार काम करतो. उणीव एकच: कमी पकडीच्या चाकाला मिळणाऱ्या टॉर्कची ठरावीक पट तो दुसऱ्याला देतो, आणि शून्याची कितीही पट शून्यच. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर एक चाक अधांतरी राहिलं, तर डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून ॲक्सिलरेटर द्या. रिअर-व्हील गाडी ट्रॅकवर नेणार असाल तरच १.५-वे प्लेटवाल्याचा विचार करा.

फिटरला विचारा, बेअरिंगची शिम (फट भरणारी पातळ चकती) मोजून बसवतोस का? नुसतं ‘होऊन जाईल’ म्हणाला तर गाडी परत आणा. तेल डिफ आणि गिअरबॉक्स दोघांनाही चालणारं हवं. फ्रंट-व्हीलमध्ये तेच तेल पितळी सिंक्रोनाही (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांनाही) लागतं, तेव्हा जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल डोळे झाकून ओतू नका, ते पितळेला चालतं का ते आधी बघा.

पहिली ओली फेरी घाटात नको. मोकळ्या सपाट रस्त्यावर जोर देताना स्टिअरिंग कसं ओढतं, ते आधी हातांना कळू द्या.